खिडकीपुढची रांग

राजगुरुनगरात सातबाऱ्यासाठी खिडकीशी उभे राहिलात, की रांगेचे गणित समोरच असते. समजा, कारकून तासाला सरासरी 15 कामे उरकतो. येणाऱ्यांचा नेम नाही, कामाच्या वेळेचाही नाही. तासाला 12 जण आले, तर सरासरी 16 मिनिटे ताटकळावे लागते. आणखी दोघेच वाढू द्या, ताटकळणे 56 मिनिटांवर जाते!

कारण सकाळचा रिकामा अर्धा तास साठवून दुपारच्या गर्दीत वापरता येत नाही. चाकणचा कारखाना सुटे भाग आगाऊ करून ठेवतो. सातबारा मागणाऱ्याची वाटच पाहावी लागते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी हे गणित 1909 मध्ये मांडायला घेतले. रांग लांबू नये म्हणून थोडा रिकामा वेळ लागतोच; म्हणून हातावर हात ठेवून बसलेला कारकून दिसला, तर लगेच कामचुकार म्हणू नका. आणि खिडक्या दोन असल्या तरी रांग एकच लावा. एकाची कागदपत्रे अडली, तरी मागचे दुसरीकडे सरकतात.