येणार कोण, ते गाणं सांगत नाही

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना केळझर लागतं. इथला सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. गावात श्रद्धेनं सांगतात की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. लाक्षागृहातून निसटलेले पांडव आईला घेऊन, ब्राह्मणांचा वेष करून, एका ब्राह्मणाच्या घरी लपून राहिले, ते इथे. बकासुराचा वधही इथलाच.

डोक्यावर छप्पर हवं म्हणून वेष पालटून दुसऱ्याच्या घरात राहायचं! ‘अशी ही बनवाबनवी’ची गोष्ट हीच नाही का? हा चित्रपट लागला की मला हटकून केळझर आठवतं.

सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८८चा. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधल्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली कथा वसंत सबनीसांच्या लेखणीतून अस्सल पुणेरी होऊन आली. चार मित्रांना घर मिळेना, मालकीण जागा देणार ती जोडप्यांनाच, म्हणून दोघं जण बायका झाले. सचिन सुधा झाला आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती. मग एका थापेला सावरायला दुसरी थाप, असं होत होत पार्वतीला चक्क दिवस गेले! तिचं डोहाळजेवण झालं आणि त्यात ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं आलं.

या गाण्याचं पुढे जे झालं त्याचं मला अजूनही नवल वाटतं. खोट्या बाईच्या खोट्या गरोदरपणाचं हे गाणं महाराष्ट्रभरच्या खऱ्या डोहाळजेवणांत जाऊन बसलं. फुलांनी सजवलेला झोपाळा, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटीचं ताट, आणि स्पीकरवर हे गाणं. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात थट्टा जाणवत नाही. असं कसं झालं असेल?

एक कारण संगीतात आहे. संगीतकार अरुण पौडवाल. अनिल मोहिले यांच्यासोबतची ‘अनिल-अरुण’ ही त्यांची जोडी मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाची. प्रसंग हास्यास्पद होता, पण ध्रुपदाची चाल त्यांनी हास्यास्पद केली नाही. बायका जमल्या आहेत, टाळ्या वाजताहेत, एकीच्या सुरात दुसरीचा सूर मिसळतो आहे, असा खराखुरा सोहळा त्या चालीत आहे. हसू येतं ते डोळ्यांना, लक्ष्मीकांत दिसतो म्हणून. तो काळ कॅसेटचा होता. कॅसेटमधून चित्र गळून गेलं की हातात उरतो तो निखळ आनंद. विनोदी चित्रपटातल्या गाण्याला गंभीरपणे चाल लावणं हे मला फार मोठं काम वाटतं.

दुसरं कारण शब्दांत आहे आणि ते मला जास्त थक्क करतं. नुसती पहिली ओळ बघा. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण? नाव नाही, नातं नाही. आणि ‘येणार’! मराठी ही लिंगाच्या बाबतीत भारी काटेकोर भाषा आहे. आला, आली, आलं, येणारा, येणारी, शब्द तोंडातून निघताच मुलगा की मुलगी ते कळतं. पण ‘येणार’ हे रूप मात्र कुणासाठीच बदलत नाही. तो येणार, ती येणार, ते येणार. राहिला ‘गं’. तो तेवढा बाईला उद्देशून आहे, पण ती ऐकणारी. येणाऱ्याबद्दल ही ओळ चकार शब्द काढत नाही.

चित्रपटात कुणी येणारच नव्हतं, म्हणून ‘कुणीतरी’ शोभून दिसलं. खऱ्या घरात कोण येणार ते ठाऊक नसतं, म्हणून तेच ‘कुणीतरी’ खरं ठरलं. थापेला जो शब्द सोयीचा, तोच आशेलाही पुरला!

आणि वर्ष बघा, १९८८. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं केला, तो याच वर्षी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायचा माझा आग्रह नाही. पण पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे विचारू नका, असं ज्या वर्षी कायद्याला सांगावं लागलं, त्याच वर्षी ते न विचारताच नाचणारं गाणं पडद्यावर आलं, हे लक्षात आल्यापासून मी ते वेगळ्या कानांनी ऐकतो.

डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. या गाण्यानंतर वर्षभरात जन्मलेल्या कितीतरी मुली पुढे स्वतः त्या झोपाळ्यावर बसल्या. होणारी आई लाजत एका वाटीवर बोट ठेवते, बायका वाकून बघतात, झाकण निघतं, एकच गलका होतो. मागे स्पीकरवर अजून ‘कुणीतरी’च येत असतं.