पंखाच्या पोटातली नळी

अकोल्यात घराचा स्लॅब भरायचा असेल तर आदल्या दिवशी हुकूम वायरमनचा चालतो. सेंट्रिंगवाल्याचं काम उरकलेलं असतं, सळ्या बांधून झालेल्या असतात, मिक्सर सकाळी येणार असतो. आणि हा गडी सळ्यांवर तोल सांभाळत पीव्हीसीचे पाइप अंथरत असतो, फॅनबॉक्समध्ये कागदाचे बोळे कोंबत असतो, बाइंडिंगच्या तारेनं पाइप सळईला आवळत असतो. पंखा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे मालकाला अजून ठाऊक नसतं, पण त्या पंख्याच्या वायरीची वाट आजच ठरून जाते. एकदा काँक्रीट पडलं की मग छिन्नी-हातोडा.

घरच्या घरी विमान बांधणाऱ्याच्या आयुष्यातही असाच एक दिवस येतो. पंखाचा सांगाडा उभा असतो, वरचा पत्रा बसलेला असतो आणि खालचा रिव्हेट मारून बंद करायचा असतो. तो बंद झाला की हात आत जाईल अशा जागा दोन-चारच राहतात, तपासणीच्या झाकणांच्या. फरक एवढाच, की इथे छिन्नी चालत नाही.

घरी विमान बांधलं म्हटलं की मराठी माणसाला दोन नावं आठवतात. पहिलं शिवकर बापूजी तळपदे यांचं. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण मोठ्या हौसेनं सांगतो. तिला त्या काळचा ठोस पुरावा नाही. आणि तिच्या जोडीला ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला दिला जातो, त्यातली यंत्रं उडण्याजोगी नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. तेव्हा ते प्रकरण इथेच ठेवू. दुसरं नाव कॅप्टन अमोल यादव यांचं, आणि हे विमान लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्यवसायानं वैमानिक असलेल्या यादवांनी १९९८ पासून विमान बांधण्याचा ध्यास घेतला. आधीचे दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोचले नाहीत. तिसरं विमान, सहा आसनी टीएसी-००३, त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

वर्तमानपत्रांनी या गोष्टीतली सरकारी लाल फीत रंगवून सांगितली, आणि ती होतीच रंगवण्यासारखी. मला मात्र त्या सालांमधलं अंतर जास्त बोलकं वाटतं. १९९८ ते २०२०. या मधल्या काळात विमानाच्या पंखाच्या टोकावरचा दिवासुद्धा पार बदलून गेला. आधी तापणारा बल्ब होता, चमकण्यासाठी उच्च दाबाचा स्ट्रोब होता. आता दोन्हींची जागा एलईडीनं घेतली. गाडीतल्या घड्याळासारखी गोल उपकरणं जाऊन पडदे आले. परदेशातले हौशी बांधणारेही फावल्या वेळात एकेका विमानावर पाच-दहा वर्षं घालवतात. ज्या दिवशी पंख बंद होतो आणि ज्या दिवशी विमान उडतं, त्यांच्यामध्ये इतका काळ जाणार असेल, तर आत वायर कोणती घातली यापेक्षा नवी वायर घालायला वाट ठेवली आहे का, हा प्रश्न मोठा ठरतो. या सगळ्या उद्योगातली खरी अक्कल मला तिथेच दिसते.

बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या पंखाच्या पोटात गर्दी किती असते! टोकाला दिवे: डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा. पुढच्या कडेला उतरतानाचा झोताचा दिवा. टाकी पंखातच असेल तर इंधनाची नळी, टाकीला हवा देणारी नळी आणि इंधन किती उरलं हे सांगणाऱ्या वायरी. ऑटोपायलट असेल तर त्याची मोटर. वेग मोजणारी पिटो नळी बहुधा एकाच पंखाखाली असते, आणि थंडीत ती गोठू नये म्हणून तिला तापवणारी वायर वेगळी. या सगळ्यांच्या मधून एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, हलवणारे दांडे किंवा केबल सरकत असतात. वैमानिकाचा जीव या दांड्यांवर. लोंबकळलेली एक वायर त्यांच्या सांध्यात अडकली तर बाकीची कारागिरी काय कामाची?

आता भोकांकडे येऊ. पंखाला आडवा कणा असतो तो स्पार. त्याला काटकोनात बसवलेल्या बरगड्या म्हणजे रिब. लहान धातूच्या विमानात रिबचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. स्पारला मनानं भोक पाडायचं नाही, हा नियम निरपवाद. तिथे विमानाचा आराखडा करणाऱ्याची परवानगी लागते. रिबमध्ये भोक चालतं, पण कुठेही नाही. वरच्या-खालच्या दुमडलेल्या कडांपासून, रिव्हेटच्या ओळीपासून आणि वजन कमी करण्यासाठी आधीच पाडलेल्या मोठ्या भोकांपासून अंतर राखावं लागतं. रिब वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण कडांना बसतो, म्हणून भोक उंचीच्या मध्याकडे घेतात. पायऱ्यापायऱ्यांचं ड्रिल बिट वापरून भोक थोडं थोडं मोठं करायचं, मग त्याची धार घासून काढायची. ही धार बोटाला कळत नाही इतकी बारीक असली, तरी इंजिनाच्या थरथरीत ती करवतीसारखी चालते. शेकडो तासांच्या उड्डाणात वायरीवरचं वेष्टन कापून आतल्या तांब्यापर्यंत पोचायला तिला घाई नसते.

त्यासाठीच नळी. अमेरिकेतल्या हौशी बांधणाऱ्यांत सर्वाधिक चालणाऱ्या धातूच्या आरव्ही विमानांत पाऊण इंची, कडीकडीची पॉलिइथिलिन नळी वापरतात. रिबमधल्या भोकातून ती दाबून ओढली की तिच्या कड्या पत्र्याच्या कडेला धरून बसतात. वर प्रत्येक रिबपाशी सिलिकॉनचा एक ठिपका. स्क्रू नाही, पट्टी नाही, वजन जेमतेम. घरातला पांढरा पीव्हीसी पाइप तिथे का नको? वजन हे एक कारण. दुसरं म्हणजे पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा धूर सुटतो. याच कारणानं विमानातल्या वायरींवरही पीव्हीसीचं वेष्टन टाळतात. तिथे टेफ्झेल नावाचं, १५० अंश सेल्सियसला टिकणारं पातळ वेष्टन चालतं. आपल्या बाजारातली वायर स्वस्तात मिळते म्हणून ती विमानात घालण्याचा मोह होईल, तो आवरावा.

नळी किती जाड घ्यायची? अमेरिकेच्या विमान प्रशासनाचं दुरुस्तीच्या रीतींचं एक जुनं, जाडजूड परिपत्रक आहे. ते सांगतं, की वायरींच्या जुडग्याचा व्यास जितका असेल त्याहून नळीचा आतला व्यास साधारण २५ टक्के जास्त ठेवा, म्हणजे दुरुस्ती सोपी होईल आणि पुढे वायर वाढवता येईल. सरकारी कागदात ‘पुढे’ हा विचार इतक्या सहज लिहिलेला पाहून बरं वाटतं. त्याच परिपत्रकात आणखी एक सूचना आहे, ती हौशी माणूस हमखास विसरतो: नळीच्या सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचं भोक पाडा. पंखात पाणी साचतं. अकोल्याच्या पावसात तर घराच्या भिंतीतल्या पाइपातूनही पाणी ठिबकतं, मग बंद धातूत रात्रीच्या गारठ्यानं दव धरलं तर नवल काय.

इंधनाची नळी आणि वायर यांची शेजारी वस्ती नको, हा पुढचा कायदा. नाइलाजानं जवळून न्यायचीच झाली तर वायर वर, इंधन खाली. सांध्यातून थेंब गळला तर तो वायरीवर पडू नये. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ आकाशात फुटलं आणि २३० माणसं गेली. चौकशीत निष्कर्ष निघाला, की पंखांच्या मधल्या टाकीतल्या वाफांचा स्फोट झाला होता, आणि टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमधून जादा व्होल्टेज इंधन मोजण्याच्या वायरीत शिरलं असण्याची शक्यता सर्वाधिक होती. बारा व्होल्टच्या लहान विमानाला तो धोका त्याच मापानं लागू होत नाही हे खरं. तरी इंधन मोजणारी नाजूक वायर आणि दिव्याची जाड वायर एकाच जुडग्यात बांधण्याचा आळस करायला हे कारण पुरत नाही.

फायबरच्या पंखाचं शास्त्र निराळं. अमेरिकेतल्या बर्ट रुटाननं १९७५ मध्ये उडवलेलं व्हॅरीईझ आणि नंतरचं लाँग-ईझेड यांचे पंख फोम तापल्या तारेनं कापून, वर काचतंतू आणि रेझिन चढवून होतात. तिथे रिबच नाहीत, मग भोकं कशाला? फोममध्येच चर काढून नळी आधी पुरायची आणि वरून कातडी चढवायची. लाँग-ईझेडची रडर, म्हणजे सुकाणू, पंखांच्या टोकांवर असल्यानं त्यांच्या केबलसुद्धा नायलॉनच्या नळीतून पंखातूनच जातात. फायबरमधून वीज परत येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वायरही द्यावी लागते. धातूच्या पंखात ते काम पत्रा करतो. पण फायबरचा एक फायदा आहे. त्यातून रेडिओलहरी आरपार जातात, त्यामुळे तांब्याच्या पट्टीचा अँटेना पंखातच लपवता येतो.

पिटोच्या नळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्यातून वीज जात नाही, दाब जातो. १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगानं समुद्रसपाटीजवळ उडताना समोरच्या हवेचा जो दाब या नळीत येतो, तो फक्त साडेसोळा सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्यामुळे सांध्यातून जरा हवा निसटली की काटा वेग कमी दाखवतो. नळीला मध्ये झोळ पडून त्यात पाणी साचलं तरी आकडा फसवा येतो. म्हणून ती पिटोकडे उताराची ठेवतात. तपासणीही पाण्यानंच करतात: पारदर्शक नळी यू आकारात धरायची, तिच्यात रंगीत पाणी घालायचं, एक टोक पिटोला घट्ट जोडायचं आणि दुसरं टोक वर उचलत जायचं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक साडेसोळा सेंटिमीटर झाला की विमान जमिनीवर उभं असताना काटा शंभरावर येतो. आता तो तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू खाली सरकला तर गळती शोधा.

आणि कुंभारीण! भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, विजेच्या सॉकेटात मातीचं घर करणारी ही गांधीलमाशीची बहीण आपल्याकडे घरोघरी दिसते. उघडी पिटो तिला आयतं बीळ वाटते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बिर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं दगावली. एक पिटो बंद झाली होती, आणि कारण बहुधा किड्याचं घर हेच होतं. विमान उभं असताना पिटोवर टोपण हवंच, आणि उडण्याआधी ते काढायचं ध्यानात राहावं म्हणून त्याला लाल फीत.

वायर ओढण्याची युक्ती मात्र मजेची आहे. कापसाच्या बोळ्याला दोरा बांधून नळीच्या एका टोकात सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. बोळा सुर्रकन पलीकडे. मग दोऱ्यानं वायर ओढायची, अडलीच तर टाल्कम पावडर. साबण नको. जाणकार माणूस वायरीबरोबर आणखी एक दोरा ओढून आतच ठेवून देतो, पुढच्या वायरीसाठी. तो दोरा नायलॉनचा असेल तर मात्र सावकाश ओढायचा, नाहीतर शेजारच्या वायरीचं वेष्टन तोच चिरतो.

पंखाच्या मुळाशी, जिथे तो धडाला जोडतात, तिथे वायर थोडी जादा सोडून कनेक्टर बसवतात. गच्चीवर बांधलेलं विमान पंखांसकट जिन्यातून थोडंच उतरतं? किती जादा सोडायची हा प्रश्न बड्या बड्यांनाही चकवतो. एअरबस ए-३८० मध्ये ५०० किलोमीटरहून जास्त वायर असते. २००६ मध्ये तिचे जुडगे हँबुर्गहून तुलूझला आले ते जागेवर पुरेनात, कारण दोन ठिकाणचे अभियंते आराखड्याच्या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होते. विमानं वर्ष-दोन वर्षं लांबली.

कॅनडात हौशी विमानाचा पंख बंद करण्याआधी निरीक्षकाला दाखवावाच लागतो. त्याच्या सहीशिवाय पत्रा बंद होत नाही. जिथे अशी सक्ती नाही, तिथले शहाणे बांधणारे शेवटच्या पत्र्याआधी प्रत्येक खणाचा फोटो काढतात, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढे पंखाखाली कॅमेरा लावायची हुक्की आली आणि ड्रिल हातात घेतलं, की नळी स्पारपासून किती इंचांवर आहे हे फोटोतच मोजता येतं.