मुक्या जिवांचं औषधपाणी: चाळीस वर्षांचा मागोवा

ऐंशीच्या दशकात परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा आमचं बहुतेक शिक्षण गाय, म्हैस, बैल आणि घोडा यांच्याभोवती झालेलं होतं. या कॉलेजचा इतिहासच तसा आहे. 1874 साली मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. रस्त्यावर घोड्यांच्या ट्रामही त्याच वर्षी धावू लागल्या. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 साली तिथेच कॉलेज सुरू झालं. कष्टाची जनावरं आधी आणि घरातलं कुत्रं-मांजर नंतर, हा क्रम शंभर वर्षं तरी बदलला नव्हता.

त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या कुत्र्याचा दवाखान्याशी संबंध क्वचितच येई. दूध-पोळी खायची, अंगणात झोपायचं, आजारी पडलं तर हळद-तूप. जखमेत किडे पडले की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, नाममात्र पैशांचा केसपेपर काढायचा, टर्पेंटाइनचा बोळा लावून घ्यायचा. कुत्र्यावर खर्च करणं म्हणजे श्रीमंतांचं कौतुक, असं लोक उघड बोलत. त्यामुळे माणसं आणतच नसत, आणि आणली तरी मान खाली घालून विचारत, "डॉक्टर, किती होतील?" तो प्रश्न मी आजही रोज ऐकतो. फरक इतकाच, की तेव्हा उपचारच थोडे होते; आज उपचार आहेत, पण ते खिशाला परवडत नाहीत.

या प्रवासातला पहिला मोठा हादरा पार्व्होचा. हा विषाणू 1978 साली जगभर पसरला आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडेही पोचला. दोन-तीन महिन्यांची पिल्लं सकाळी खेळत असायची आणि रात्री रक्ताच्या जुलाबांनी गळून जायची. लस आली, पण ती सगळीकडे मिळत नसे. बर्फाच्या डब्यातून ती लस आणायची, दवाखान्यातला फ्रिज चालू राहावा म्हणून विजेकडे डोळे लावून बसायचं, असे ते दिवस. तेव्हापासून एक हिशेब माझ्या मनात पक्का आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी दिलेल्या लशींचा सगळा खर्च एकत्र केला, तरी तो पार्व्होच्या एका आजारपणापेक्षा कितीतरी कमी भरतो.

रेबीजचीही तीच गोष्ट. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती आपल्या कित्येक पिढ्यांनी बाळगली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली आणि दंडात घ्यायच्या मोजक्या डोसांची नवी लस सर्वत्र आली. कुत्र्यांची लस तर त्याहून सोपी आहे. तीन महिन्यांचं झालं की पहिलं इंजेक्शन, मग बूस्टर, पुढे दरवर्षी एक. 6 जुलैला प्राणिजन्य आजार दिन आणि 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. या तारखांच्या आसपास सरकारी दवाखान्यांत आणि संस्थांच्या शिबिरांत ती अनेक ठिकाणी मोफत टोचतात. पैशांची ओढाताण असेल त्यांनी या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

1991 नंतर शहरं बदलली. हातात पैसा आला, फ्लॅट आले, पाकिटातलं खाद्य आलं आणि परदेशी जाती आल्या. पॉमेरेनियनची जागा लॅब्राडॉरने घेतली. 2003 च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या एका जाहिरातीनंतर घराघरांत पग हवासा झाला. त्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात श्वास घेणंही जड जातं. विदर्भाच्या उन्हात हस्की पाळणाऱ्यांना वर्षभर एसीचं बिल भरावं लागतं, ते वेगळंच. माझ्या टेबलावर आलेल्या महागड्या दुखण्यांपैकी बरीच दुखणी जात निवडतानाच घरात आली होती. आपल्या हवेत पिढ्यान् पिढ्या तगलेलं गावठी पिल्लू घरी आणणं हा कमी बजेटमधल्या कुटुंबासाठी उत्तम वैद्यकीय सल्ला आहे, आणि तो मी मनापासून देतो.

2001 साली भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम केंद्र सरकारने लागू केले. त्यावरचे वाद अजून चालूच आहेत. पण ही शस्त्रक्रिया सराईतपणे करणारे डॉक्टर शहराशहरांत तयार झाले, हा त्याचा मोठा फायदा पाळीव प्राण्यांनाही मिळाला. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू होतो. माज संपून काही आठवडे झाले, कुत्री खूप पाणी पिते, जेवत नाही, मलूल पडते, तेव्हा हा आजार आहे का ते त्याच दिवशी बघून घ्यायला हवं. तो उलटला तर रात्री-अपरात्री जोखमीची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. संस्थेच्या शिबिरात वेळेवर केलेली नसबंदी त्याच्या तुलनेत अगदीच स्वस्त पडते.

पुढच्या काळात यंत्रं आली. सोनोग्राफी, डिजिटल एक्स-रे, तासाभरात निकाल देणाऱ्या रक्ततपासण्या, भूल देण्याची सुरक्षित पद्धत. जुलै 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं अत्याधुनिक रुग्णालय सुरू झालं. रतन टाटांची ती जुनी इच्छा होती. हे सगळं पाहून माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो. पण याच काळात पालकांच्या मनात एक अपराधीपणही रुजलं: सगळ्यात महागडा उपचार केला नाही, म्हणजे आपण प्रेमात कमी पडलो. हे साफ चूक आहे.

काही वर्षांपूर्वी एक रिक्षाचालक रात्री दवाखाना बंद करायच्या वेळी पिल्लू घेऊन आला. खाकी शर्टात गुंडाळलेलं, उलट्यांनी थकलेलं. मी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर बसायला दोन-तीन सेकंद लागले. हिरड्यांवर बोट दाबलं; पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला वेळ लागत होता. पार्व्हो होता. अॅडमिट करायला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि त्याने ते सरळ सांगितलं. मग आम्ही दुसरा मार्ग धरला. कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक. सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात आणायचं आणि घरी ऊब द्यायची. पिल्लू वाचलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातला 2017 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. पार्व्होच्या 40 कुत्र्यांपैकी रुग्णालयात ठेवलेली 90 टक्के वाचली, आणि घरच्यासारख्या साध्या पद्धतीने उपचार केलेली 80 टक्के. रुग्णालय सरसच, यात शंका नाही. पण परवडत नाही म्हणून आशा सोडायचं कारण नाही. त्या पिल्लाला वाचवलं ते दोन गोष्टींनी: उलट्या सुरू झाल्या त्याच दिवशी ते आलं, आणि पैशांची गोष्ट लपवली गेली नाही.

इतक्या वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात महाग आजार म्हणजे उशीर. गोचीडताप घ्या. ताप, भूक नाही, हिरड्या फिक्या, इतक्यावर आणलं तर साधी रक्ततपासणी आणि बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त जेनेरिक औषध यांवर भागतं. डोस मात्र डॉक्टरनेच ठरवायचा आणि सांगितलेले सगळे दिवस द्यायचा. "चार दिवस वाट बघितली" म्हणत आणलं, की नाकातून रक्त सुरू झालेलं असतं आणि दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवायची वेळ येते. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

पैसे वाचवायला घरातली गोळी देणं हा तर उलटा व्यवहार. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. कांदा, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही दूरच ठेवा.

2020 च्या टाळेबंदीत एकाकी घरांनी मोठ्या हौसेने पिल्लं आणली. त्याच काळात लशींच्या तारखा चुकल्या आणि पुढे नोकऱ्या गेल्यावर काही प्राणी रस्त्यावर आले. त्या वर्षांनी एक गोष्ट ठळक केली. प्राणी पाळताना पहिल्या महिन्याच्या खर्चाचा विचार सगळे करतात, दहा-बारा वर्षांचा फार थोडे करतात. दरमहा थोडी रक्कम वेगळी टाकली, तर वेळेला तीच कामाला येते. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकवणीसाठी चालणारी रुग्णालयं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत. तिथे रांग असते, पण अनुभवी हात असतात आणि दर आवाक्यातले असतात.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे, की टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला एकच रस्ता दाखवू नका. उत्तम उपचार सांगा, त्याखालचा परवडणाराही सांगा, आणि दोन्हींत जगण्याची शक्यता किती ते स्पष्ट सांगा. पालकांना सांगणं असं, की लसीचं कार्ड जपा, गोचिड्या रोज बोटांनी चाचपून काढा, नसबंदी वेळेवर करा, आणि प्राणी जेवायचा थांबला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात या. लहान पिल्लू असेल तर त्याच दिवशी. आल्यावर पहिल्याच वाक्यात तुमचं बजेट सांगा. त्यात कसलीही लाज नाही. डॉक्टरला ते जितकं लवकर कळेल, तितका तुमच्या पैशाचा उपयोग तुमच्या प्राण्यासाठी होईल.