पवईचा ₹ आणि अंधेरीचे सुट्टे

अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षातून उतरणाऱ्याला हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘सुट्टे आहेत का?’ १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, त्याआधी ते २३ होतं. दोन्ही आकडे असे, की दहा-वीसच्या नोटांनी कधी नीट फिटत नाहीत. उतारू तीस रुपये पुढे करतो, चालक खिसे चाचपतो, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो आणि चार रुपयांचा निकाल लागतो. बहुतेक वेळा उतारूच्या विरोधात.

रिक्षात चिकटवलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवताना फोनच्या पडद्यावर ₹ हे चिन्ह दिसतं. त्याचं गाव याच उपनगरात आहे. अंधेरीहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने निघालं की पवई तलावाच्या काठी आयआयटी लागते. तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात डी. उदयकुमार पीएचडी करत होते, विषय तमिळ अक्षरांचं वळण. २००९ साली अर्थ मंत्रालयाने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, पाच अंतिम फेरीत उरल्या, आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उदयकुमार यांच्या आकृतीवर शिक्कामोर्तब केलं. बक्षीस होतं अडीच लाख रुपये.

चिन्ह हवं होतं कशाला? तोवर आपण इंग्रजीत ‘आरएस’ लिहीत होतो, पण रुपया काही एकट्या भारताचा नाही. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सेशल्स या सगळ्यांच्या चलनाचं नाव रुपयाच. डॉलर, पौंड, येन, युरो यांना स्वतःची खूण होती, आपल्याला नव्हती. उदयकुमार यांनी रोमन ‘आर’चा उभा दांडा काढून टाकला, आणि उरला तो मराठी माणसाला सहज वाचता येणारा र. वरची आडवी रेघ म्हणजे आपली शिरोरेषा. तिच्याखाली दुसरी रेघ आल्यावर दोन्हींमध्ये मोकळी जागा राहते, त्यात तिरंगाही दिसतो आणि बरोबरचं चिन्हही. तमिळ लिपीच्या अभ्यासकाने देवनागरीची शिरोरेषा अशी जगभर नेली. पुढे मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूच्या द्रमुक सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ ऐवजी तमिळ ‘रू’ वापरला, तेव्हा या चिन्हाचे कर्ते तमिळ असून त्यांचे वडील द्रमुकचेच माजी आमदार आहेत, याची पुष्कळांनी आठवण करून दिली.

चिन्ह नवं असलं तरी रुपया जुना आहे. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने साधारण साडेअकरा ग्रॅम वजनाचं चांदीचं नाणं पाडलं आणि ‘रुपया’ हे नाव रुजलं. महाराष्ट्रात शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया ठरवला. ते वजन म्हणजे ११.६६ ग्रॅम, अर्थात एक तोळा. घाटकोपरच्या सराफाकडे आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम समजतात. रुपयाचं वजन गेलं, तोळ्याचंही थोडं झडलं, शब्द मात्र तसाच राहिला.

चांदीही टप्प्याटप्प्याने गेली. १९४० साली रुपयात निम्मीच चांदी उरली, १९४७ मध्ये तो निकेलचा झाला, आणि आता पोलादाचा आहे. दुकानदार फरशीवर आपटून ऐकायचा तो खणखणीत नाद या नाण्याला कुठून येणार? नाणं कुठलं आहे, हे मात्र आजही ओळखता येतं. बोरिवलीच्या भाजीवाल्याकडून परत मिळालेलं नाणं उलटून पाहावं. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखा बारीकसा आकार असेल, तर ते फोर्टातल्या टांकसाळीत पडलेलं आहे. नोएडाची खूण टिंब, हैदराबादची चांदणी, आणि कोलकात्याला खूणच नाही. फोर्टातली टांकसाळ १८२९ पासून उभी आहे, तिच्याजवळच रिझर्व्ह बँक. त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख, १९४३ साली नेमलेले. नोटांची छपाई १९२८ पासून नाशिक रोडला सुरू झाली. म्हणजे खिशातला पैसा फार दूरचा नसतोच.

खरी गंमत हिशेबाची आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. एकूण १९२ पै. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. आता एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैसा कुणाच्या खिशात नाही. म्हणून सरकारी कोष्टक असं ठरलं: एका आण्याला ६, दोनला १२, तिनाला १९, चाराला २५. एकेक आण्याने सुपारी घेणारा गिऱ्हाईक या हिशेबात फायद्यात, तीन आण्यांची एकदम घेणारा तोट्यात. १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गळला.

आणे मात्र गेले नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अजून शिजतो, माणूस सोळा आणे खरा असतो, आणि कंजूष पै न पै मोजतो. मुलुंडच्या दुकानात पावतीवर ‘५००/-’ लिहिणाऱ्या तरुणाला ती तिरकी रेघ कशाची हे विचारावं. तिच्यापुढे पूर्वी आणे लिहीत; आडवी रेघ म्हणजे आणे शून्य. सरकारी दप्तरातही ते जिवंत आहेत. महाराष्ट्रात पीक किती आलं ते ‘आणेवारी’त मोजत, आता तिला पैसेवारी म्हणतात, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते.

२०११ मध्ये नाण्यांवर ₹ उमटला. त्याच वर्षी ३० जूनला पंचवीस पैशांचं नाणं, म्हणजे खरेखुरे चार आणे, चलनातून बाद झाले. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात. ते देऊन पाहण्याची हिंमत मात्र कुणी करत नाही. दहाच्या नाण्याचंही तेच. त्याचे १४ नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं, कारण दुकानदार ते खोटं समजून परत करत होते.

२०१६ मध्ये यूपीआय आलं. ते चालवणाऱ्या महामंडळाचं मुख्यालय उपनगरातच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेव्हापासून सुट्ट्यांचं भांडण निम्मं मिटलं. १ डिसेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने सामान्य ग्राहकांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला, पहिल्या चार शहरांत मुंबई होती. हा रुपया फोनमध्ये राहतो, पण नोटा-नाण्यांच्याच दर्शनी किमतींत. म्हणजे अंधेरीच्या रिक्षात २६ रुपये द्यायचे, तर पाकिटात वीस, पाच आणि एक दिसतात.