एन्कोडर चकती आणि तिची आज्ञावली

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे विणकरांचे जुने शहर होय. येथील तलम कापड इराण व तुर्कस्तानपर्यंत जात असल्याची नोंद फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने सतराव्या शतकात करून ठेवली आहे. आज हे शहर यंत्रमागांसाठी ओळखले जाते. माग बदलला, तरी कापड किती उतरले हा प्रश्न मात्र कायम आहे. कारण विणकराची मजुरी आणि व्यापाऱ्याचे बिल ही दोन्ही बहुधा मीटरवरच ठरतात.

कापड तपासणीच्या टेबलावर ही लांबी मोजण्याची एक पद्धत अशी आहे. कापड एका रुळावरून सरकते. रुळाच्या टोकाशी पातळ पत्र्याची चकती बसविलेली असते व तिच्या कडेने समान अंतरावर खाचा पाडलेल्या असतात. चकतीच्या एका बाजूस दिवा आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारा संवेदक असतो. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे जातो, पत्रा आला की अडतो. अशा प्रत्येक खाचेमागे गणकयंत्र एक आकडा पुढे सरकते. हीच एन्कोडर चकती होय. बाजारात तयार एन्कोडर मिळतात. परंतु जुन्या रुळाचा घेर वेगळाच निघाला, तर चकती मुद्दाम कापून घेणे सोयीचे पडते.

समजा, रुळाचा घेर ५६० मिलिमीटर आहे आणि दर ५ मिलिमीटरला एक नोंद हवी आहे. तर खाचा ११२ लागतील. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश ११२ ने भागले असता ३.२१४२८५७... असा न संपणारा अपूर्णांक येतो. सीएनसी यंत्रावर चकती कापताना खरी अडचण येथे आहे.

सीएनसी यंत्राला जागा सांगण्याच्या दोन रीती आहेत. ‘जी-९१’ ही आज्ञा दिली, तर प्रत्येक हालचाल मागच्या जागेपासून मोजली जाते. ‘जी-९०’ दिली, तर ठरवून दिलेल्या एकाच शून्यापासून. केळीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद सांगावा लागणार नाही. एका खड्ड्यापासून पुढचा खड्डा काठीने मोजत गेले आणि काठी एक सेंटिमीटर आखूड असली, तर शंभराव्या खड्ड्याजवळ जवळजवळ एक मीटरचा फरक पडतो. तोच फीत एका खुंटीला बांधून सर्व अंतरे तेथूनच घेतली, तर चूक साचत नाही.

नवशिक्या कारागीर ‘जी-९१’ वापरून ‘३.२२ अंश फिरव, खाच पाड’ असे लिहितो. १११ वेळा फिरल्यावर ३५७.४२ अंश होतात. शेवटच्या व पहिल्या खाचेत केवळ २.५८ अंश उरतात. खाचांची त्रिज्या ५० मिलिमीटर व खाचेची रुंदी १.४ मिलिमीटर धरली, तर इतरत्र सुमारे १.४ मिलिमीटर रुंद असणारा पत्रा तेथे ०.८५ मिलिमीटरच राहतो.

खाचा ११२ च असल्यामुळे एवढ्याने ताग्याची लांबी बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू सतत उडत असतात. चकती वेगाने फिरताना ती अरुंद पट्टी संवेदकाच्या नजरेतून निसटली, तर दोन खाचांची एकच नोंद होते. प्रत्येक फेऱ्यात एक नोंद बुडाली, तर १०० मीटरच्या ताग्यात सुमारे ८९ सेंटिमीटर कापड कमी दिसते. ज्याची मजुरी मीटरवर आहे, त्याचे हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

म्हणून आज्ञावली ‘जी-९०’ मध्ये लिहावी आणि प्रत्येक खाचेचा कोन स्वतंत्रपणे काढावा: खाचेचा क्रमांक गुणिले ३६०, भागिले ११२. आधी गुणाकार, मग भागाकार. हा क्रम उलटा करून मधेच आकडा तोडला, की जुनीच चूक मागच्या दाराने आत येते. यंत्रात चल संख्या व आवर्तन यांची सोय असेल, तर काही ओळींत काम होते. नसेल, तर ११२ कोनांचा तक्ता तयार करून आज्ञावलीत उतरवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी हा तक्ता एकदा विद्यार्थ्यांकडून हाताने करवून घ्यावा, असे वाटते.

मधले छिद्र व खाचा एकाच बांधणीत कापाव्यात. चकती एकदा सोडून पुन्हा बांधली आणि केंद्र ०.१ मिलिमीटरने सरकले, तर ५० मिलिमीटर त्रिज्येवर कोन सुमारे ०.११ अंशापर्यंत कमीजास्त होतो. पूर्ण फेऱ्यात हा दोष फिटतो, म्हणून लांबी मोजताना तो फारसा जाणवत नाही. मात्र मागाच्या मुख्य दांड्याचा कोन मोजायचा असेल, तर तो चालत नाही. पातळ पत्रा कटरबरोबर वर उचलला जाऊ नये, यासाठी तो दोन टाकाऊ पट्ट्यांमध्ये दाबून धरावा.

चकती रुळावर बसविल्यावर गणक शून्यावर आणून रूळ हाताने १०० फेरे फिरवावा. आकडा ११,२०० यावा. तो ११,१०० च्या आसपास आला, तर एकच जागा दर फेऱ्याला चुकत आहे असे समजून पहिल्या व शेवटच्या खाचेमधला पत्रा आधी तपासावा.