रेड (साठवण तंत्रज्ञान)

रेड हे एकापेक्षा अधिक डिस्क एकत्र जोडून त्यांचा एकाच डिस्कप्रमाणे वापर करण्याचे तंत्रज्ञान आहे. 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'रेड' हा शब्द तयार झाला. पुढे त्यातील 'स्वस्त' या अर्थाच्या इनएक्स्पेन्सिव्ह शब्दाऐवजी 'स्वतंत्र' या अर्थाचा इंडिपेंडंट हा शब्दही रूढ झाला. वाचन-लेखनाचा वेग वाढवणे आणि एखादी डिस्क निकामी झाली तरी काम सुरू ठेवणे, हे रेडचे दोन मुख्य हेतू आहेत. हे दोन्ही हेतू प्रत्येक रचनेत सारखे साधत नाहीत. त्यामुळे घरगुती संगणकासाठी रचना निवडताना त्यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

इतिहास

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका शोधनिबंधात ही संकल्पना मांडली. प्रोसेसर आणि मेमरी यांचा वेग झपाट्याने वाढत असताना डिस्कचा वेग मागे पडत आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. आयबीएम ३३८० या मोठ्या व महागड्या डिस्कची तुलना त्यांनी वैयक्तिक संगणकासाठी बनवलेल्या कॉनर सीपी ३१०० या लहान डिस्कशी केली आणि अशा अनेक लहान डिस्कचा संच मोठ्या डिस्कची जागा घेऊ शकेल, असे दाखवले. मात्र डिस्कची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून माहितीबरोबर काही जादा माहिती साठवण्याच्या पाच पद्धती त्यांनी सुचवल्या. त्याच रेड १ ते रेड ५ होत. जादा माहिती अजिबात न साठवणाऱ्या रचनेला नंतर रेड ० हे नाव मिळाले.

हार्ड डिस्कचा वेग

हार्ड डिस्कमध्ये माहिती फिरत्या तबकड्यांवर चुंबकीय स्वरूपात साठवलेली असते. ती वाचण्यासाठी वाचनशीर्ष योग्य वर्तुळापर्यंत न्यावे लागते आणि हवा असलेला भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. हा थांबा सरासरी अर्ध्या फेरीचा असतो. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कमध्ये तो सुमारे ५.६ मिलिसेकंद, ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये सुमारे ४.२ मिलिसेकंद आणि १०,००० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये ३ मिलिसेकंद असतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००३ साली बाजारात आणलेली रॅप्टर ही १०,००० फेऱ्यांची डिस्क वेगाची आवड असणाऱ्या घरगुती ग्राहकांमध्ये लोकप्रिय झाली होती.

सलग वाचनाचा वेग आणि विखुरलेल्या लहान फाइली शोधण्याचा वेग या दोन भिन्न बाबी आहेत. चित्रफितीच्या संपादनात पहिला महत्त्वाचा असतो, तर संगणक सुरू होताना किंवा एखादा प्रोग्रॅम उघडताना दुसरा.

प्रमुख प्रकार

रेड ०: माहितीचे तुकडे करून ते दोन किंवा अधिक डिस्कवर आळीपाळीने लिहिले जातात. दोन डिस्क असल्यास सलग वाचनाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. परंतु तबकडी फिरण्याची वाट प्रत्येक डिस्कला पाहावीच लागत असल्याने हा थांबा कमी होत नाही. एक डिस्क बिघडली तर संपूर्ण संच निरुपयोगी होतो. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के धरली, तर दोन डिस्कच्या संचासाठी ती सुमारे ५.९ टक्के होते.

रेड १: प्रत्येक माहिती दोन्ही डिस्कवर तंतोतंत लिहिली जाते. एकूण क्षमतेपैकी निम्मीच वापरता येते. लेखनाचा वेग वाढत नाही, मात्र वाचनाच्या दोन मागण्या दोन डिस्कवर विभागता येतात.

रेड ५: यासाठी किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकी जागा 'पॅरिटी' या जादा माहितीसाठी खर्च होते. उदाहरणार्थ, एका डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० हे अंक असल्यास, जेथे अंक भिन्न तेथे १ आणि जेथे समान तेथे ० लिहून ११०१ ही पॅरिटी मिळते. पहिली डिस्क गेली, तर ०११० आणि ११०१ यांवर हीच क्रिया केल्यास १०११ पुन्हा मिळतात. मात्र लहानसा बदल लिहितानाही जुनी माहिती व जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहाव्या लागत असल्याने लेखन मंदावते.

रेड ६: यात दोन प्रकारची पॅरिटी असते. किमान चार डिस्क लागतात व कोणत्याही दोन बिघडल्या तरी माहिती टिकते.

रेड १०: यात रेड १ च्या जोड्यांवर रेड ० ची रचना केली जाते. किमान चार डिस्क लागतात.

प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्यास रेड ० मध्ये १६, रेड ५ मध्ये १२, तर रेड ६ आणि रेड १० मध्ये ८ टेराबाइट जागा वापरता येते.

घरगुती संगणकासाठी निवड

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे भाग नसल्याने माहिती मिळण्यासाठी मिलिसेकंदाचा अल्प अंशच लागतो. त्यामुळे केवळ वेगासाठी दोन हार्ड डिस्कचे रेड ० करण्यापेक्षा प्रचालन प्रणाली व प्रोग्रॅम एका सॉलिड स्टेट ड्राइव्हवर ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. छायाचित्रे, चित्रफिती अशा मोठ्या संग्रहासाठी हार्ड डिस्क स्वस्त पडते आणि तेथे रेड १ ही सर्वांत सोपी रचना आहे.

संचासाठी डिस्क निवडताना 'शिंगल्ड' पद्धतीच्या डिस्क टाळणे इष्ट असते. त्यांत मार्गिका कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असल्याने पुनर्लेखन मंद होते व बिघडलेली डिस्क बदलल्यानंतर संच पूर्ववत करण्यास फार वेळ लागू शकतो. स्वतंत्र रेड कार्ड नसले तरी लिनक्समधील 'एमडीअ‍ॅडम' किंवा विंडोजमधील 'स्टोरेज स्पेसेस' यांच्या साहाय्याने संच तयार करता येतो. लेखन सुरू असताना वीज गेल्यास माहिती व पॅरिटी यांचा मेळ तुटू शकतो, म्हणून पॅरिटीच्या रचनेसोबत यूपीएस असणे उपयुक्त असते.

रेड आणि बॅकअप

रेड हा बॅकअपला पर्याय नाही. चुकून पुसलेली फाइल रेड १ मधील दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी नाहीशी होते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल दोन्हीकडे तशीच लिहिली जाते. चोरी, आग किंवा विजेचा अतिदाब यांमुळे एकाच पेटीतील सर्व डिस्क एकदम जाऊ शकतात. बिघाड होऊनही काम अखंड चालावे, ही रेडची उपयुक्तता आहे. गमावलेली माहिती परत मिळवणे हे बॅकअपचे काम आहे. त्यामुळे दोनच डिस्क घेणे शक्य असेल आणि काम काही तास थांबले तरी चालत असेल, तर दुसरी डिस्क संचात न जोडता तिच्यावर नियमित प्रत घेऊन ती संगणकापासून वेगळी ठेवणे घरगुती वापरात बहुधा अधिक सुरक्षित ठरते.