दुसऱ्याच्या नावावर बेटिंग अकाउंट: अडकतं कोण?

‘आधार, पॅन आणि एक सिमकार्ड दे, दर महिन्याला पैसे मिळतील.’ अशी ऑफर आली तर लगेच सावध व्हा. ऑनलाइन सट्ट्याचा पैसा फिरवायला सगळ्यात आधी दुसऱ्याचं नाव लागतं.

मालेगावात काय घडलं?

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे निघालं की साधारण १०० किलोमीटरवर मालेगाव लागतं. नोकरीच्या आमिषाने आपली कागदपत्रं घेऊन परस्पर बँक खाती चालवली गेली, असं इथल्या तरुणांचं म्हणणं होतं. या खात्यांतून १०० कोटींहून जास्त रुपये फिरल्याचा आरोप झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ईडीने छापे घातले.

बेटिंगमध्येही हीच पद्धत दिसते. महादेव अ‍ॅपचा पैसा बेनामी खात्यांच्या जाळ्यातून फिरवला जात होता, असं ईडीने म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसह २२ अ‍ॅप आणि वेबसाइट ब्लॉक करण्याचे आदेश दिले.

खोट्या नावाने खेळलं तर?

पैसे भरताना सहसा कुणी काही विचारत नाही. केवायसी मागितली जाते ती पैसे काढताना. नाव जुळलं नाही की अकाउंट बंद आणि पैसे गेले. अ‍ॅपच बेकायदा असेल तर दाद मागणार कुठे?

कायदा काय सांगतो?

दुसऱ्याची डिजिटल ओळख अप्रामाणिकपणे वापरली तर आयटी कायद्याच्या कलम ६६-सी नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार ५ वर्षांपर्यंत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन मनी गेमवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण या खेळांसाठी पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणजे खातं ‘भाड्याने’ देणाराही सुटत नाही. मुख्य सूत्रधार दुबईत बसलेला असला, तरी पोलिसांना पहिला पत्ता मिळतो तो खातेदाराचा.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत, ते ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा.
- आधारची मास्क केलेली प्रत द्या. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहा.
- एटीएम कार्ड, सिम, ओटीपी कुणालाही देऊ नका, मित्रालाही नाही.
- अनोळखी व्यवहार दिसला तर बँकेला लेखी कळवा.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.